गळाला लावायचं औषध

शेफालीचं म्हणणं एवढंच होतं की माशालाही नाक असतं. यात भांडण्यासारखं काय आहे? पण भोरमध्ये, आणि त्यातही त्यांच्या बिल्डिंगमध्ये, भांडण्यासारखं काही नाही म्हणून कुणाचं अडलेलं तिनं नववी पास होईपर्यंत तरी पाहिलं नव्हतं.

तिचे बाबा, म्हणजे भूगोलाचे अमृत सर, गेलं वर्षभर दर रविवारी गुंजवणीच्या काठावर गळ टाकून बसत होते. साधासुधा गळ नव्हे. घडीचा रॉड, चकचकीत रीळ आणि दोऱ्याच्या टोकाला प्लॅस्टिकचा बेडूक. बेडूक इतका हुबेहूब की आईनं तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाडूनं बडवला होता. माशांना मात्र तो कधीच पटला नाही. वर्षभरात बाबांच्या गळाला एक साडीची किनार लागली, एक सिमेंटची गोणी लागली आणि एकदा खुद्द बाबांची पँट लागली. त्यातल्या त्यात पँटीनं झुंज चांगली दिली.

याउलट गोरखकाका. हे बाबांचे चुलतभाऊ, मार्गासनीच्या पुढच्या वाडीत राहतात. बांबूची काठी, तिला गांडूळ, आणि धरलेला प्रत्येक मासा बाबांच्या नाकासमोर हलवून मग पिशवीत टाकायचा, ही त्यांची पद्धत. मागच्या रविवारी बाबा चहाला गेले म्हणून शेफालीनं तेवढ्यापुरता रॉड धरला. बाबा परत आले तर काका मान हलवत बसलेले.

"अमृत, पोरीच्या हातात काठी दिलीस व्हय? मंग मासा कशाला येतोय. बाईमाणसाचा हात लागला की गळ मुका होतो."

आता बघा. वर्षभर बाबा एकटे बसत होते तेव्हा हाच गळ जणू भाषणं ठोकत होता, आणि हिनं एका चहापुरता हात लावल्यावर त्याची वाचा बसली. शेफालीनं बाबांकडे पाहिलं. वर्गात ग्रहणाचा धडा शिकवताना अंधश्रद्धेवर तास उलटून गेला तरी न थांबणारे तिचे बाबा. ते आता काकांना काय सुनावतात, हे ऐकायला तिनं कानामागचे केससुद्धा बाजूला सारले. बाबा म्हणाले, "बघू."

बघू. एवढंच.

त्याहून कहर म्हणजे घरी परतताना गाडीवर बाबांनी जाहीर केलं की आता पुरे झालं, येत्या रविवारी शेवटचं जायचं आणि रॉड गोरखला देऊन टाकायचा, त्याच्याकडे निदान वापरात तरी राहील. वापरात म्हणजे काय, तर काकू त्यावर घेवड्याचा वेल चढवणार होत्या. त्यांनी लांबी बघून तसं बोलूनही दाखवलं होतं.

"मग तो रविवार माझा," शेफाली मागून ओरडली. "गळ मी टाकणार. काही लागलं तर रॉड घरी राहणार, आणि माझा राहणार."

बाबा तेव्हा कापूरव्होळजवळ उसाच्या ट्रॉलीला ओव्हरटेक करत होते. ते "बरं बरं" म्हणाले. ते ट्रॉलीवाल्याला म्हणाले असंही असू शकेल, पण शेफालीनं ते स्वतःकडे जमा करून घेतलं.

घरी आल्यावर तिनं मोबाईलवर शोध घेतला. कुठल्याशा परदेशी तळ्याकाठी एक टकला माणूस नकली माशाला ट्यूबमधला मलम चोपडत होता, हुंगत होता आणि आनंदानं डोळे मिटत होता. त्याचं इंग्रजी तिला निम्मं कळलं, पण डोळे मिटणं पूर्ण कळलं. प्लॅस्टिकला प्लॅस्टिकचाच वास येणार. मासा जवळ येतो, हुंगतो आणि निघून जातो. उद्या कुणी रबराचा वडापाव पुढे ठेवला तर आपण तरी खाऊ का? वास लावला की मासा फसतो. इतकी साधी गोष्ट. तसली ट्यूब मिळते का पाहायला ती बाजारपेठेत गेली आणि दुकानदाराला विचारलं, "माशांना आवडेल असा वास आहे का?" त्यानं सगळ्या फळ्यांवरून नजर फिरवली आणि म्हणाला, "फिनेल आहे."

तेव्हा मग घरीच करायचं ठरलं. आणि ते ठरल्याचं बिल्डिंगला कळलं, म्हणजे झालंच. तळमजल्यावरचे सावळारामकाका एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊनही ते प्रत्येकाला हाताला धरून पुढे सरकवतात. त्यांनी सांगितलं, हिंग घाल. त्यांच्या सूनबाई अश्विनीताईंनी सांगितलं, हिंगानं मासा पळतो, लसूण घाल. दूधवाल्यानं दोन्ही हाणून पाडलं आणि म्हणाला, सुकट कुटून घाल, सुकटीला म्हैससुद्धा वळून बघते. यांपैकी एकानंही जन्मात गळ टाकलेला नव्हता. ताटातला मासा सोडला तर त्यांची माशाशी ओळख नव्हती. पण न टाकलेल्या गळाबद्दल माणूस जितकं ठामपणे बोलतो, तितकं टाकलेल्याबद्दल बोलत नाही, हे शेफालीला त्या आठवड्यात कळलं.

शेवटी तिनं कुणाचंच मन मोडलं नाही. सुकट, लसूण, हिंग आणि माणसाच्या हाताचा वास झाकायला बडीशेप, असं सगळं शेंगदाण्याच्या तेलात कढवून आईच्या चटणीच्या भांड्यात फिरवलं. आईनं त्याच भांड्यात दुसऱ्या दिवशी खोबऱ्याची चटणी वाटली आणि मग जे बोलली ते इथं सांगण्यासारखं नाही. तात्पर्य एवढंच की ते मिश्रण स्वयंपाकघरात ठेवायचं नाही, गॅलरीत ठेवायचं नाही, बाथरूममध्ये तर नाहीच. एका शोधकर्तीवर स्वतःच्या घरात असं विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडायची वेळ यावी, याला काय म्हणायचं? तिनं ते मिश्रण गाळून अत्तराच्या एका रिकाम्या बाटलीत भरलं, कारण त्या बाटलीच्या बुचाला काचेची काडी होती आणि बेडकाला बोट लावायला ती झकास होती. आणि बाटली नेऊन ठेवली हॉलमधल्या शोकेसमध्ये, स्वतःच्या वक्तृत्वाच्या ढालीमागे. ती जागा तरी तिच्या हक्काची होती.

शुक्रवारी आईचं चैत्रातलं हळदीकुंकू होतं.

अख्खी बिल्डिंग आली होती, गल्ली आली होती आणि मानाच्या पाहुण्या म्हणून बाबांच्या शाळेच्या मुख्याध्यापिकाबाई आल्या होत्या. आंब्याची डाळ झाली, पन्हं फिरायला लागलं. आईनं अश्विनीताईंना सांगितलं, "शोकेसमधली अत्तराची बाटली घ्या आणि सगळ्यांना लावा." आईची खरी बाटली शोकेसच्या वरच्या कप्प्यात होती. अश्विनीताईंच्या हाताला लागली ढालीमागची. शेफाली तेव्हा आत पन्ह्यात वेलदोडा घालत होती, हे तिनं नंतर किती वेळा सांगितलं असेल, पण ऐकतो कोण.

अश्विनीताई हात राखून लावणाऱ्यांतल्या नाहीत. प्रत्येकीच्या मनगटावर त्यांनी काडी चांगली लांब ओढली. पहिला वास बडीशेपेचा. "काहीतरी वेगळंच आहे हो अत्तर, थंड वाटतं," असं बायका म्हणाल्यासुद्धा. पण बडीशेप हलकी, ती उडून जाते. हाताची ऊब लागली तशी खालून लसूण वर आली, लसणीच्या पाठोपाठ हिंग आणि मग सावकाश, डुलत डुलत, सुकट. आता हळदीकुंकवाला आलेली बाई "इथं सुकटीचा वास येतोय" असं कसं म्हणेल? प्रत्येकीला वाटलं शेजारणीचाच येतोय. जी ती हसतमुखानं थोडी थोडी सरकली. बघता बघता हॉलच्या मध्यभागी सतरंजी रिकामी झाली आणि सगळ्या बायका भिंतींना पाठ लावून बसल्या. त्या मोकळ्या जागेतून बिल्डिंगचा बोका ऐटीत चालत आला, मुख्याध्यापिकाबाईंच्या मांडीवर चढला आणि त्यांचं मनगट चाटायला लागला.

शेफाली पन्ह्याचा ट्रे घेऊन बाहेर आली ती नेमकी तेव्हा. बाटली पाहिली आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अहो ताई, ते अत्तर नाही. ते माझं माशाचं औषध आहे."

या एका शब्दानं तिचा घात केला. तिच्या मनात औषध म्हणजे गुण येणारी गोष्ट. पण शेतावरून आलेल्या माणसाला औषध म्हटलं की टोमॅटोवर मारायचं आठवतं. आणि माशाचं औषध म्हटलं की डोह आठवतो, ज्यात कुणी हलकट रात्रीतून औषध टाकतो आणि सकाळी सगळे मासे पांढरी पोटं वर करून तरंगतात. मोरीपुढे रांग लागली. मुख्याध्यापिकाबाईंनी बोक्याला खाली ठेवून, आतल्या खोलीतून डोकावणाऱ्या बाबांना अतिशय हळू आवाजात विचारलं, "अमृत सर, जवळचा दवाखाना कोणता?"

त्यात चटणीपलीकडे काही नाही हे सांगून सांगून शेफालीचा घसा बसला. बायकांना घटकाभरानं पटलं, पण सावळारामकाकांना पटायच्या आत त्यांनी फोन लावून टाकला होता. कुणाला? गोरखकाकांना. "अहो, सरांची पोरगी रविवारी तुमच्याकडे मासे मारायचं औषध घेऊन येतेय. बाटली मी स्वतः बघितली." बाटली त्यांनी बघितली नव्हती. त्यांच्यापर्यंत फक्त वास आला होता.

रविवारी सकाळी निघायचं तर एक वेगळंच विघ्न. गळ टाकायला निघालेल्याला कुणी "कुठं निघालात?" म्हणून टोकलं की मासा मिळत नाही, हे ग्रहणावर बोलणारे बाबासुद्धा मानतात. कुणी टोकलं की घरात परत जायचं, पाणी प्यायचं आणि पुन्हा निघायचं. फाटकात सावळारामकाकांनी टोकलं. पाणी पिऊन आले तर दूधवाल्यानं टोकलं. पुन्हा पाणी पिऊन आले तर अश्विनीताई वरून म्हणाल्या, "अजून निघाला नाहीत? कुठं जायचंय?" बाबांच्या पोटात पाणी डुचमळायला लागलं, तेव्हा शेफालीनंच गाडीला किक मारली. त्या पाण्यापायी कामथडीला एकदा आणि नसरापूरच्या अलीकडे एकदा बाबांना थांबावं लागलं. रॉडची पिशवी छातीशी धरून रस्त्याकडेला उभ्या असलेल्या शेफालीला येणारा-जाणारा विचारत होता, "कुठं निघालीस ग?" तिनं दात आवळून एकालाही उत्तर दिलं नाही.

वाडीच्या खालच्या अंगाला नदीवर पोचले तर काठावर ही गर्दी. एरवी धुण्याच्या बायका असतात, त्या होत्याच, पण धुणं बाजूला ठेवून. पोरं दगडांवर चढून बसलेली. गोरखकाका टोपी सरळ करून सगळ्यांच्या पुढे. आणि त्यांच्याही पुढे गावच्या पोलीस पाटील फुलाबाई. पदर खोचलेला, काखेत कागदांची पिशवी.

"तूच का ग औषधवाली?" फुलाबाई म्हणाल्या.

"ते औषध नाही."

"मंग भोरवरनं फोन आला तो काय चटणीचा आला व्हय?"

"चटणीच आहे," शेफाली म्हणाली. "पातळ आहे, एवढंच."

लोक हसले. तिच्या कानाची पाळी तापली. बाबा मध्ये काही बोलायला गेले, तर फुलाबाई म्हणाल्या, "सर, तुमी थांबा. गुरंढोरं ह्येच पाणी पित्यात. म्या पंचनामा केल्याबिगर एक थेंब पाण्यात जायाचा न्हाई." आणि खरोखरच त्यांनी दगडावर कागद पसरला. रंग : हिरवट. दाटपणा : आमटीइतका. वास, इथं त्या थांबल्या, बाटली पुन्हा नाकाशी नेली, डोळे पुसले आणि लिहिलं, "आहे."

"आता चाखून दाव," फुलाबाई म्हणाल्या. "औषध नसंल तर तुला काय हुतंय?"

खरं सांगायचं तर शेफालीनं ते करताना कधी चाखलं नव्हतं. पण सगळी वाडी बघत होती आणि गोरखकाकांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू फुटायला लागलं होतं. तिनं काचेची काडी जिभेवर ओढली. लसूण, हिंग आणि शिळी सुकट एकदम टाळूला जाऊन भिडली, डोळ्यांतून पाणी आलं, पण चेहरा तिनं प्रार्थनेला उभं राहिल्यासारखा ठेवला. "बघा," ती म्हणाली. आवाज जरा चिरका आला.

फुलाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं, मग तिच्या हातातली काडी घेऊन स्वतःच्या जिभेला लावली. त्यांनी जीभ टाळूला लावून दोनदा आवाज केला.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या. "टाक गळ."

आता गोरखकाकांना राहवेना. "टाकू दे की. म्या सांगतो, काय बी हुनार न्हाई. ह्या बाटलीला पाण्यातलं येक जरी जित्राब भुललं, तर काठी हिची. आन परत कुना बाईमाणसाच्या हाताला म्या नाव ठेवनार न्हाई. समद्यांम्होरं सांगतो."

धुण्याच्या बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. काकूंनी तर कमरेवर हात ठेवले.

शेफालीनं बेडकाला नखशिखांत तेल चोपडलं, रॉड मागे नेला आणि होता नव्हता तेवढा अपमान दंडात गोळा करून झोकला. बेडूक गेला, पण एकटा गेला नाही. मागे उभ्या असलेल्या गोरखकाकांची टोपी बरोबर घेऊन गेला. टोपी नदीच्या मधोमध पडली, जरा वेळ तरंगली आणि सावकाश बुडाली. शेफालीनं रीळ फिरवून ती परत ओढून आणली. काकांनी टोपी पिळून डोक्यावर घातली आणि लगेच काढली, कारण वाडीची दोन कुत्री त्यांच्याकडे बघून शेपूट हलवायला लागली होती.

दुसऱ्या खेपेला तिनं बेडूक खालच्या डोहात, खडकाच्या कपारीजवळ सोडला. वेळ गेला. पोरं कंटाळली. काका मुद्दाम मोठ्यानं खाकरले. शेफालीच्या मनात यायला लागलं की घेवड्याच्या शेंगा लागल्यावर त्या आपल्यालाच खायला लावतील.

आणि दोरा ताणला. हलकेच, मग चांगलाच. ती रीळ फिरवायला लागली, बाबा बाजूला येऊन "सावकाश, सावकाश" म्हणत स्वतःच हवेत रीळ फिरवायला लागले. पाण्यातून बेडूक वर आला. त्याच्या कमरेला नांगी आवळून एक काळाकुट्ट, तळहातापेक्षा मोठा खेकडा लोंबकळत होता. बाहेर आल्यावरही सोडेना. दुसऱ्या नांगीनं त्यानं बेडकाचा पाय मोडून तोंडाकडे न्यायला घेतला होता.

"खेकडा हाय," गोरखकाका म्हणाले. "मासा कुठं हाय?"

"तुम्ही मासा म्हणाला नव्हता. जित्राब म्हणालात."

"जित्राब म्हंजी गोठ्यातलं. गाय, म्हस."

"मग म्हस गळाला लागायची वाट बघत होतात का, काका?"

काठावर हशा पिकला, पण काका हटेनात. खेकडा वासाला भुलत नाही, त्याच्या वाटेत जे येईल ते तो धरतो, असं त्यांनी मांडलं. कुणी म्हणालं, खेकडा पाण्यातला न्हाई, बिळातला. कुणी म्हणालं, पावसाळ्यात तो डोंगरावर असतो, म्हणजे मूळचा डोंगरावरचा. शेफाली एकेकाला उत्तर देता देता लालबुंद झाली. इतक्या लोकांनी इतकं मन लावून खेकड्याचा पत्ता शोधावा, आणि तोही केवळ तिला खोटं पाडायला. शेवटी काकांनी रॉडकडे हात लांबवला. "दे हिकडं. पुढच्या साली बघू."

"बघू नाही," बाबा म्हणाले.

सगळे त्यांच्याकडे वळले. बाबा वर्गात फळ्यापाशी उभे राहतात तसे उभे होते. "गोरख, माझ्या बेडकाला वर्षभरात खेकड्यानंसुद्धा हुंगलं नाही. तिनं आणला. रॉड तिचा. आणि तिच्या हाताबद्दल मागच्या रविवारी तू बोललास, तेव्हा मी गप्प बसलो ते चुकलं."

शेफालीला याच्यावर काहीतरी चांगलं बोलायचं होतं, पण तोंडात अजून सुकट होती.

"झालं तर मग," फुलाबाई म्हणाल्या. "खेकडा जित्राबच. म्या पाटील सांगती. गोरख, तो सोडीव, तुला चावला तर चावला." आणि कागद पिशवीत कोंबून त्यांनी पदर आणखी घट्ट खोचला. "आन ग पोरी हिकडं ती काठी. लगीन होऊन आल्यापासनं ह्या नदीवर धुनं धुतीय, गळ कवा कुनी हातात दिला न्हाई. कसा टाकायचा म्हनलीस?"

शेफालीनं दाखवलं. फुलाबाईंनी टाकला. मग काकूंनी टाकला, आणि नवऱ्याच्या अंगावरून टाकला. मग धुण्याच्या बायकांनी आपापसात नंबर लावले. जिचा नंबर यायचा ती आधी बेडूक घेऊन शेफालीपुढे धरायची, शेफालीनं काडी फिरवली की निघून जायची. गोरखकाका हळूच रांगेत घुसले, तर त्यांना सगळ्यांच्या मागे पिटाळलं. ऊन माथ्यावर आलं. बाटली तळाला गेली. बाबा टपरीवर तिसरा चहा पिऊन आले. रॉड आता शेफालीचा आहे, याला वाडीत कुणाचीच हरकत नव्हती. अडचण एवढीच होती की तो तिच्या हातात द्यायला कुणी तयार नव्हतं.

तिनं बराच वेळ दम धरला. मग तिला राहवेना.

"अहो पाटीलबाई, तो माझा रॉड आहे. माझा नंबर कधी येणार?"

फुलाबाईंनी दोऱ्यावरची नजर हलवली नाही.

"गप ग," त्या पुटपुटल्या. "बोलू नगं. मासं पळत्यात."